'द क्राउड' (१९२८) : कॅमेरा त्या इमारतीत शिरला कसा?

प्रश्न :
दिग्दर्शक किंग व्हिडॉरचा 'द क्राउड' हा मूकपट काल रात्री दुसऱ्यांदा पाहिला. जॉन सिम्स न्यूयॉर्कला येतो आणि कॅमेरा एका उंचच उंच इमारतीवर चढू लागतो. मजल्यामागून मजले, मग एक खिडकी, आत टेबलांच्या रांगाच रांगा. त्यांच्यावरून तरंगत कॅमेरा येऊन थांबतो १३७ नंबरच्या टेबलापाशी. ज्याला लहानपणापासून वाटत आलंय की आपण कोणीतरी मोठे होणार, तो तिथे आकडे लिहीत बसलाय. पोटात खड्डाच पडला. चार वेळा मागे नेऊन पाहिलं, पण जोड काही सापडेना. मूकपटाच्या काळात हे कसं केलं असेल?

प्रतिसाद १ :
जोड आहे, पण विरघळवून टाकलाय. इमारतीचं मॉडेल बनवून ते स्टुडिओत जमिनीवर आडवं निजवलं होतं. त्यामुळे आपल्याला कॅमेरा चढतोय असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात तो मॉडेलवरून आडवा सरकत असतो. खिडकीपाशी पोचल्यावर चित्र हळूच ऑफिसच्या सेटवर बदलतं आणि तिथे कॅमेरा डोक्यावरच्या तारेवरून घसरत जॉनपर्यंत येतो.

पण माझा जीव रस्त्यावरच्या दृश्यांत जास्त अडकतो. न्यूयॉर्कच्या खऱ्या गर्दीत, हातगाडीवरच्या खोक्यात कॅमेरा लपवून त्यांनी शूटिंग केलं. म्हणून ती माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, आपापल्या घाईत असतात. तशी घाई एक्स्ट्रांकडून करून घेता येत नाही.

प्रतिसाद २ :
एक्स्ट्रांचा विषय निघालाच आहे, तर जॉन झालेला जेम्स मरे हा स्वतःच एक्स्ट्रा होता. स्टुडिओच्या आवारात व्हिडॉरने त्याला जाताना पाहिलं आणि भेटायला बोलावलं, तर हा आलाच नाही! पुन्हा शोधून आणावा लागला. जॉनच्या बायकोच्या, मेरीच्या भूमिकेतली एलिनॉर बोर्डमन ही तेव्हा व्हिडॉरची पत्नी.

पुढे मरेला दारूने खाल्लं. 'अवर डेली ब्रेड'च्या (१९३४) वेळी व्हिडॉरने त्याला पुन्हा काम देऊ केलं, त्याने नाकारलं. १९३६ मध्ये हडसन नदीत बुडून गेला. हे कळल्यापासून जॉन बेकार होऊन वणवण फिरतो ती दृश्यं मला सलग बघवत नाहीत.

प्रतिसाद ३ :
माझ्यासाठी सगळा सिनेमा एका प्रसंगात आहे. ट्रकखाली आलेली जॉनची मुलगी घरात शेवटच्या घटका मोजतेय आणि जॉन रस्त्यावर येऊन वाहनांना, माणसांना हातांनी विनवतोय, आवाज करू नका. मूकपट आहे, ऐकू काहीच येत नाही, तरी तो गोंगाट मला कानठळ्या बसवतो. पोलीस त्याला घरात जायला सांगतो.

प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून लगेच शेवट पुन्हा लावला. या शेवटावरून स्टुडिओची चलबिचल झाली होती, सुखाचे वेगळे शेवटही चित्रित झाले होते, एवढं वाचलं होतं. पण एक गोष्ट आज दिसली. थिएटरमध्ये जॉन आणि मेरी पोट धरून हसतायत, कॅमेरा मागे मागे जातो आणि हसणाऱ्या शेकडो माणसांत ती दोघं दिसेनाशी होतात. ऑफिसात ज्या कॅमेऱ्याने जॉनला रांगांमधून शोधून काढलं, तोच आता त्याला सोडून देतो. शेवटपर्यंत मी त्या दोघांवर नजर ठेवायचा प्रयत्न केला. नाही जमलं.