रिसेशनही मंदी, डिप्रेशनही मंदी?

शिरोरेखा:
एका अर्थविषयक लेखाचा अनुवाद करतेय. परिच्छेद ग्रीसवर आहे. आधी स्लोडाउन (वाढ मंदावणं), मग रिसेशन (अर्थव्यवस्था आक्रसणं), त्यावर सरकारची ऑस्टेरिटी (खर्चाला लावलेली कात्री) आणि तिच्यापायी डिप्रेशन (तेच आक्रसणं, पण खोल आणि लांबलेलं), असा क्रम आहे. मराठीत तो 'मंदीसदृश स्थितीतून मंदी आली आणि काटकसरीमुळे तिची मंदी झाली' असा उतरतोय. 'महामंदी' म्हणावं तर ते 1929 चं विशेषनाम होऊन बसलंय. वर संपादक म्हणतात, काटकसर छान शब्द आहे, राहू द्या. मला तर तोच सगळ्यात जास्त खटकतोय. काय करू?

उणेअधिक:
पाठ्यपुस्तकांत व्यापारचक्राचे टप्पे असत: तेजी, घसरण, मंदी, पुनरुज्जीवन. म्हणजे रिसेशन ती घसरण आणि डिप्रेशन ती मंदी. वर्तमानपत्रांनी घसरण शेअर बाजाराला आणि रुपयाला देऊन टाकली, मग उरलेल्या सगळ्याला मंदी चिकटवली. 2020 मध्ये तर 'तांत्रिक मंदी' आली. तांत्रिक म्हणजे काय, तर लागोपाठ दोन तिमाहींत जीडीपी आक्रसला. हा ढोबळ ठोकताळा आहे, नियम नव्हे. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणारी एनबीईआर या आर्थिक संशोधन संस्थेची समिती रोजगार, उत्पन्न, उत्पादन असं सगळं बघते. 2020 ची तिथली मंदी तिने फेब्रुवारी ते एप्रिल अशी दोनच महिन्यांची ठरवली.

खाडाखोड:
'तांत्रिक मंदी' वाचलं की कुणीतरी मूठ मारून आणलीय असं वाटतं.

जुनी वही:
मंदी मुळात अर्थशास्त्राचा शब्दच नाही, बाजाराचा आहे. माझे आजोबा अडतीचे व्यापारी. त्यांच्या तोंडी भाव चढले की तेजी आणि भाव पडले की मंदी. कारखाने बंद पडले, माणसं बेकार झाली, याच्याशी त्या शब्दाचं देणंघेणं नव्हतं. 1973 नंतर तेल भडकलं तेव्हा कित्येक देशांत महागाई आणि बेकारी हातात हात घालून वाढली. आजोबांच्या भाषेत ती तेजी, पुस्तकांच्या भाषेत मंदी. आता बोला.

उणेअधिक:
त्यावरचा उतारा तर आणखी अडचणीचा. महागाई मोडायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, तेव्हाचे प्रमुख व्होल्कर यांनी व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास नेले. कर्ज कोण काढणार? घरं, गाड्या, सगळं ठप्प. 1982 च्या अखेरीस अमेरिकेत बेकारी 10.8 टक्के झाली. म्हणजे ती मंदी 'आली' नव्हती, 'आणली' होती. आपल्याकडे मात्र मंदी नेहमी 'येते', तिची 'लाट' असते, तिचं 'सावट' पडतं. जणू काही हवामान खात्याचा विषय!

तळटीप:
सावटाबद्दल सहमत. पण घसरण, मंदी यांत मारामारी कशाला? रिसेशनला 'प्रतिसरण' आणि डिप्रेशनला 'अवसाद' म्हणा. प्रश्न मिटला.

खाडाखोड:
प्रश्नही मिटेल आणि वाचकही. अवसादाने नोकरी गेली असं कोण म्हणेल हो? 2009 साली आमच्या कंपनीत माणसं कमी केली, त्याला व्यवस्थापन 'पुनर्रचना' म्हणत होतं. कँटीनमध्ये मात्र एकच वाक्य होतं, 'त्याला नारळ मिळाला.' कुठला शब्द अचूक, तुम्हीच ठरवा.

तळटीप:
कँटीनची भाषा छापायची नसते. उद्या 'बाजार बसला' असं मथळ्यात द्याल.

खाडाखोड:
देतातच की. आणि सगळ्यांना कळतं.

शिरोरेखा:
मंडळी, काटकसर?

कोंदण:
शिरोरेखाताई, खटकतेय ते बरोबरच आहे. काटकसर माणूस स्वतःहून करतो आणि स्वतःच्या खर्चाला लावतो. म्हणून तर ती गुणांत मोडते, 'काटकसरी' म्हटल्यावर कुणाला राग येत नाही. ग्रीसमध्ये काय झालं? 2012 मध्ये किमान वेतन 22 टक्क्यांनी उतरवलं, पंचविशीच्या आतल्यांचं तर 32 टक्क्यांनी. पेन्शनी एकदा कापल्या, पुन्हा कापल्या. 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांवर होती आणि अर्थव्यवस्था संकटाआधीच्या मानाने जवळपास चतुर्थांशाने लहान झाली होती. ज्याचं पेन्शन कापलं त्या म्हाताऱ्याने काटकसर केली असं लिहिणार का? त्याची कपात झाली. पोटाला चिमटा त्याने काढला खरा, पण काढायला लावला दुसऱ्याने. 'सक्तीची खर्चकपात' लिहा. किंवा नुसतं 'कात्री'.
आणि 'काटकसर' या शब्दाने एक युक्तिवादच आत शिरतो. घराला जे शहाणपण ते देशालाही शहाणपण, असं वाटायला लागतं. अर्थतज्ज्ञ केन्सचा मुद्दा नेमका उलटा होता. तुमचा खर्च ही कुणाची तरी कमाई असते. सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळ्यांचीच मिळकत घटते, आणि ज्या बचतीसाठी हा खटाटोप, तीही वाढत नाही. 2013 मध्ये, ग्रीसला कर्ज देताना कपातीची अट घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच ब्लँचार्ड आणि ली या अर्थतज्ज्ञांनी लिहिलं की अशा कपातीने उत्पादन किती घटेल, याचा अंदाज कमी बांधला गेला होता.

उणेअधिक:
एवढी एकतर्फी गोष्ट नाही ती. ग्रीसने तुटीचे आकडे वर्षानुवर्षे कमी दाखवले होते. 2009 ची तूट आधी चारच्या आत सांगितली होती, ती दुरुस्त होत होत जीडीपीच्या 15 टक्क्यांवर गेली. बाजारात कर्ज मिळेना. स्वतःचं चलन नाही, त्यामुळे अवमूल्यनाची, म्हणजे चलन स्वस्त करून निर्यात वाढवायची, वाट बंद. कात्री नको म्हणणं सोपं आहे, पैसे कोण देणार होतं?

कोंदण:
कात्री नको असं कुठे म्हटलंय? तिला कात्री म्हणा, एवढंच.

जुनी वही:
'कसर' अरबी आहे बरं का. तूट, उणीव. 'काट' आपली. म्हणजे काटकसर हा शब्दच मिश्र संसार आहे. तळटीपसाहेब, हाही वर्ज्य का?

तळटीप:
रुळलेले शब्द वर्ज्य नाहीत. मी 'स्टिम्युलस पॅकेज'च्या विरोधात आहे. 'उत्तेजन' म्हणा.

खाडाखोड:
उत्तेजन! वक्तृत्व स्पर्धेत पहिले तिघे सोडून कुणाला तरी वहीपेन देतात ते उत्तेजनार्थ. ओबामांनी 2009 साली 787 अब्ज डॉलरचं उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, असं वाचायला मजा येईल. 'चालना' काय वाईट आहे?

उणेअधिक:
शब्दाची भीती आपल्याकडेच असते असं नाही. कार्टर यांचे सल्लागार आल्फ्रेड कान यांनी 1978 मध्ये डिप्रेशनचा धोका बोलून दाखवला, तर वरून दटावणी झाली. मग ते त्याला 'केळं' म्हणू लागले. केळीवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा त्यांनी फळ बदललं. खुद्द रिसेशन हा शब्दही अमेरिकेत 1937 च्या उतरणीत रुळला, कारण डिप्रेशन पुन्हा उच्चारवत नव्हतं. आणि ती उतरण कशाने आली? सावरतंय म्हटल्यावर सरकारने घाईने खर्च आवळला आणि फेडने बँकांना राखून ठेवायच्या रकमेचं प्रमाण दुप्पट केलं.

शिरोरेखा:
हे उपयोगी आहे. मग 'घसरण' आणि 'खोल मंदी' वापरते. पण पुढच्याच परिच्छेदात अनेकवचन आलंय. दोन मंद्या?

खाडाखोड:
मंद्या हा आमच्या वर्गातला मंदार.

तळटीप:
नदी-नद्या, गादी-गाद्या, तसं मंदी-मंद्या. व्याकरणदृष्ट्या निर्दोष.

कोंदण:
निर्दोष असेल, पण कुणी म्हणत नाही. 'दोनदा मंदी आली' म्हणावं.

उणेअधिक:
पुन्हा 'आली'!

जुनी वही:
तेज्या कुणी म्हणतं का? तेजी म्हणजे चांगला घोडासुद्धा. 'तट्टाला टुमणी, तेजीला इशारत.'

तळटीप:
ती तेजी नव्हे, तो तेजी. फारसी 'ताजी', अरबी घोडा. भावातली तेजी 'तेज'पासून. दोन शब्द वेगळे.

जुनी वही:
'तेज'सुद्धा फारसीच, धारदार, जलद या अर्थी. तुम्ही 'तेजस्'वर जाणार, माहीत आहे मला.

तळटीप:
जाणारच. तेजस् फारसीच्या आधीचं आहे.

खाडाखोड:
ते राहू द्या. ही टुमणी म्हणजे काय? 'टुमणं लावणं' यातलंच का ते?