मदत हवी आहे: फाळणीवरच्या दोन माहितीपटांपैकी कुणाचं खरं धरू?

नमस्कार मंडळी. भाची अकरावीला आहे, तिला फाळणीवर प्रकल्प करायचाय. म्हणून रविवारी आम्ही दोन माहितीपट पाठोपाठ पाहिले, एक भारतातला, एक पाकिस्तानातला. आणि डोक्याचा पार भुगा झाला!

गंमत म्हणजे दोन्हींत तीच क्लिप. गाडीच्या टपावर दाटीवाटीने बसलेली माणसं, एकाच्या मांडीवर दोरीने बांधलेली ट्रंक. एकात निवेदक म्हणतो लाहोरहून अमृतसरला, दुसऱ्यात नेमकं उलट.

खरा वाद रॅडक्लिफ रेषेचा, म्हणजे फाळणीत आखलेल्या भारत-पाकिस्तान सीमेचा. ती आखणारे ब्रिटिश वकील रॅडक्लिफ साहेब ८ जुलै १९४७ला भारतात आले आणि सीमेचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. यावर दोघांचं एकमत. पण पंजाबातलं फिरोजपूर? रॅडक्लिफ यांचे सचिव ख्रिस्तोफर बोमंट यांनी १९९२मध्ये सांगितलं, की माउंटबॅटन यांच्या दबावाने ऐनवेळी रेषा बदलली आणि फिरोजपूर भारताला दिलं. पाकिस्तानी माहितीपटात यावर पंधरा मिनिटं, आपल्याकडच्यात चकार शब्द नाही. उलट तिकडच्यात रावळपिंडीकडच्या मार्च १९४७मधल्या शीख-हिंदूंच्या कत्तली एका वाक्यात उरकल्यात. न सांगणं हीही थापच की!

तर विचारायचंय: बोमंट यांचं म्हणणं इतिहासकार कितपत ग्राह्य धरतात? सत्तांतराच्या कागदपत्रांचे ब्रिटिश सरकारने छापलेले १२ खंड पुण्यात कुठे बसून वाचता येतील? आणि जुन्या चित्रफितीचं मूळ स्थळ-तारीख शोधायची कशी? पंजाब सीमा आयोगावर मराठीत काही असेल तर तेही सुचवा. बारा खंड काही भाची वाचणार नाही, मलाच वाचावे लागणार. पुढच्या शुक्रवारी जमा करायचंय.