स्वागत समारंभाचं जेवण: तुम्हाला पान (म्हणजे एका माणसाचं ताट) कितीला पडलं?

बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय. अक्षता दुपारी गावात, स्वागत समारंभ संध्याकाळी कोल्हापुरात. वडील म्हणतात पाचशे पानं, आई म्हणते आठशे. कॅटररचे भाव 220 पासून 450 पर्यंत आलेत. ज्यांच्या घरी नुकतं कार्य झालंय त्यांनी खरे आकडे लिहा. भांडणंही लिहा.

राजारामपुरीकर:
भावा, मेनू नंतर. आधी गॅरंटी किती पानांची देतोस ते ठरव. पाचशेची दिलीस आणि चारशे जेवले, तरी पैसे पाचशेचेच. आम्ही अंदाजाच्या पाऊणपट गॅरंटी दिली आणि वरची पानं त्याच भावानं, असं कागदावर घेतलं. मोजायला धाकट्या मामाला बसवलं. त्यानं सुरुवातीलाच ताटांच्या चळती मोजून घेतल्या. शेवटी कॅटरर म्हणाला 610, मामा म्हणाला 548. फरक सापडला तो जिलेबीत: लोकांनी गोडासाठी दुसरं कोरं ताट उचललं होतं, आणि तेही पान म्हणून धरलं होतं. गोडाला वाट्या वेगळ्या ठेवा.

गडहिंग्लजची सून:
आमच्याकडं भावकीला चूलबंद आमंत्रण, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवायला बोलावणं. पत्रिका एक, माणसं सात. 'पत्रिका गुणिले दोन' हा शहरातला हिशेब तिथं चालत नाही. पण हीच भावकी दुपारी पोटभर जेवली की संध्याकाळी कोल्हापूरला येत नाही, कारण घरी धारा काढायच्या असतात. दोन्ही वेळच्या याद्या वेगळ्या करा. तुमच्या आईचे आठशे बहुतेक दुपारचे आहेत.

एक आचारी:
मजुरीवर आचारी लावून बाजार आपण भरला तर स्वस्त पडतं, पण घरातला एक माणूस दिवसभर त्यातच अडकतो. मसालेभाताला किलोभर तांदूळ दहा माणसांना, ताटात पुरी-जिलेबी असेल तर बारांना. मठ्ठा संध्याकाळी कमी जातो. लक्ष्मीपुरीत तेल घेताना, न फोडलेला डबा परत घेणार का, ते आधीच बोलून ठेवा. गॅस 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडरच लागतो, घरचा चालत नाही. आणि वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, पाण्याचे जार हे कुणाच्या अंगावर? भाव स्वस्त वाटतो तो बहुतेक वेळा इथंच.

मंगळवार पेठ:
रिसेप्शनला मटणाच्या नादाला लागू नका. तांबडा-पांढरा नाही केला तर पाहुणे बोलणारच, पण तो लग्नानंतर देवीचा गोंधळ घातला की, मोजक्या माणसांना. किलोला सहा माणसं धरली आम्ही. रस्सा वाढवता येतो, फोडी वाढवता येत नाहीत. वार मात्र बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा असतोच, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा. राहिला बुधवार आणि रविवार. रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांग, म्हणून आम्ही बुधवार धरला.

कसबा बावडा:
पिण्याचं कुणी लिहिलंच नाही. वेलकम ड्रिंक म्हणून ते हिरवं-निळं सरबत पानामागं पंधरा-वीस रुपये लावून देतात, पोरं अर्धं टाकतात. आम्ही ते काढून दारात उसाच्या रसाचा गाडा उभा केला, पैसे ग्लासावर. म्हातारी माणसं खूश. नवऱ्याच्या मित्रांचा 'दुसऱ्या' ड्रिंक्सचा आग्रह होता. हॉलवाला नाही म्हणाला, शिवाय त्याला राज्य उत्पादन शुल्काचा एक दिवसाचा परवाना लागतो. विषय तिथंच मिटला, सासरे सुटले.

धागाकर्ता:
वडिलांना वाचून दाखवलं. पाचशेचे सहाशे झाले, आई अजून आठशेवर. चूलबंदची यादी आज रात्री वेगळी काढतो. जीएसटीचं कुणी सांगेल का?

राजारामपुरीकर:
कॅटरिंगला 5 टक्के. खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर असलेल्या हॉटेलात केलंस तर 18. भाव विचारतानाच 'धरून की सोडून' ते विचार.