प्रतिसाद: लॅम्बर्ट हिमनदीचं बारसं
वर कुणीतरी लिहिलंय की जो आधी पोचते त्याचंच नाव हिमनदीला लागते. नेहमी नाही ना बाप्पा. अंटार्क्टिकातली लॅम्बर्ट घ्या, 1946-47 च्या ऑपरेशन हायजंपमध्ये (अमेरिकन नौदलाची अंटार्क्टिका मोहीम) अमेरिकन विमानानं वरूनच फोटो काढले, त्यावरून अमेरिकन भूगोलवाले जॉन रॉस्को यांनी 1952 मध्ये नकाशा बसवला अन् नाव ठेवलं बेकर थ्री, म्हणजे त्या फोटोवाल्या विमानाचं आणि क्रूचं सांकेतिक नाव. मग 1957 मध्ये ऑस्ट्रेलियानं (तो भाग ते आपलाच मानतात) त्यांच्या नकाशा खात्याचे डायरेक्टर ब्रूस लॅम्बर्ट यांचं नाव लावलं, तेच टिकलं. विमानवाल्यांवर अन्यायच झाला म्हणा! आपलं भारती स्टेशनही (भारताचं संशोधन केंद्र) त्याच पट्ट्यात, लार्समन हिल्सवर आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं) कुणी ओळखीचं असेल तर विचारा, त्या खात्याची माणसं अंटार्क्टिकाला जातात.