ओएलईडी स्क्रीनवर 'विहीर' नीट उमटून नाही रायली, उपाय सांगा

पऱ्हाटी_प्रोग्रामर
नमस्कार मंडळी. वरुडजवळ आमची संत्र्याची बाग आहे. पंपाच्या स्टार्टरपाशी एक नॅनो बोर्ड (अर्डुइनोचा छोटा कंट्रोलर) अन् ०.९६ इंची ओएलईडी बसवून रायलो. मेसेज मराठीतच पाह्यजेत, कारण रात्री थ्री फेज आली की पेटीपाशी बाबा जातात आणि 'ड्राय रन' (पाण्याबिना पंप चालणं) दिसलं की मले झोपेतून उठवतात.

फॉन्टची चित्रं करणाऱ्या एका कन्व्हर्टरमधून अ ते ज्ञ सगळ्या अक्षरांची चित्रं काढली, काना-मात्रा-वेलांट्यांची वेगळी. पण 'विहीर रिकामी' छापलं तर पहिली वेलांटी व सोडून ह च्या बोकांडी बसते. बाबा म्हणे, "हे वहिनी काहून लिवलं बे?" चांगलं टूल कोणतं? फुकटातलं सांगजा.

तुरीचं_वावर
भाऊ, बीएमफॉन्ट घे. मी गेमसाठी तेच वापरतो. एका पीएनजी चित्रात सगळी अक्षरं अन् सोबत कोणतं अक्षर कुठं आहे त्याची फाइल. एकदम सोपं.

दारव्ह्याची_ताई
टूल बदलून हे सुटणार नाही. बीएमफॉन्टही एका कोडला एक चौकोन देतो आणि चौकोन ओळीने मांडत जातो. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपल्याकडे 'वि' टाइप होताना आधी व, मग वेलांटी; दिसताना मात्र वेलांटी आधी. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा आहेत, पण 'थ्री' किंवा 'र्व' यांना स्वतःची जागा नाही. ती रूपं फॉन्टच्या आत असतात आणि हार्फबझसारखं शेपिंग इंजिन (अक्षरं जोडून मांडणारं सॉफ्टवेअर) ती निवडतं. नॅनोवर ते चालवायचा विचारही करू नका, २ केबी रॅम आहे त्यात.

मेसेज किती आहेत? दहा-बारा असतील तर अक्षरांचा फॉन्ट करायचाच कशाला? अख्ख्या मेसेजचं एक चित्र करा. जिम्पमध्ये (फुकटातलं चित्रांचं सॉफ्टवेअर) १२८ बाय २४ ठिपक्यांची पांढरी पाटी घ्या, मुक्ता किंवा लोहित फॉन्टमध्ये काळ्या अक्षरांत लिहा, टेक्स्ट टूलमधलं अँटिअलायझिंग (कडा मऊ करणं) बंद करा. ते चालू राहिलं तर कडेचे करडे ठिपके एक-बिटात (नुसतं काळं-पांढरं) येताना शिरोरेषा कुरतडल्यासारखी दिसते. मग सरळ एक्सबीएममध्ये (कोडमध्ये थेट टाकता येणारं काळं-पांढरं चित्र) एक्स्पोर्ट. एक मेसेज ३८४ बाइटचा, बारा मेसेज साडेचार केबी. फ्लॅश (प्रोग्राम साठवायची जागा) ३२ केबी आहे, फक्त चित्राच्या अ‍ॅरेला प्रोगमेम लावायला विसरू नका, म्हणजे तो रॅम न खाता फ्लॅशमध्येच राहतो. आणि मधे कुठेही जेपीजी नको, अक्षरांभोवती कचरा येतो.

पऱ्हाटी_प्रोग्रामर
ताई, बारा नाही, नऊच मेसेज आहेत. जिम्पमध्ये 'विहीर' झकास दिसली. पण डिस्प्लेवर अक्षरांचे उभे काप पडून रायले, कडबा कुट्टीतून काढल्यावाणी. एडाफ्रूटच्या डिस्प्ले लायब्ररीचं ड्रॉबिटमॅप फंक्शन वापरलं.

मोटारवाइंडर
बिटाचा क्रम उलटा आहे ना बावा! एक्सबीएममध्ये बाइटचा सगळ्यात खालचा बिट डावीकडे, अन् ड्रॉबिटमॅपले वरचा बिट डावीकडे लागते. म्हणून दर आठ ठिपके आरशात पाह्यल्यासारखे उलटतात. त्याच लायब्ररीत ड्रॉएक्सबिटमॅप आहे, थे लाव. नाहीतर यू८जी२ ही दुसरी लायब्ररी घे अन् ड्रॉएक्सबीएमपी वापर. त्यात पेज मोड असते, म्हणजे स्क्रीन तुकड्या-तुकड्यानं काढते, स्क्रीनची पूर्ण १०२४ बाइटची बफर रॅममध्ये ठेवा लागत नाही. माह्या बोर्डावर सेन्सरचा कोड वाढला अन् मेसेज अर्ध्यातच गोठला, दोन दिवस वायर तपासत बसलो. लफडं रॅमचं होतं.

अजून एक. तुह्या ओएलईडीचा वरचा पट्टा पिवळा आहे का? असंन तर त्या ठिपक्यांच्या १६ ओळींत मेसेज टाकू नको, अर्धा पिवळा अर्धा निळा दिसते. खाली ४८ उरतात, २४ च्या दोन ओळी बरोब्बर बसतात.

पऱ्हाटी_प्रोग्रामर
हो, पिवळाच आहे. तिथं मिनिटं दाखवतो मग. पण आकडे तर बदलत राहतात, त्यांचं चित्र कसं करू?

दारव्ह्याची_ताई
तिथे मात्र तुमची पहिली पद्धतच बरोबर. आकडे एकमेकांना चिकटत नाहीत, जागाही बदलत नाहीत. ० ते ९ प्रत्येकी १६ बाय १६, म्हणजे दहांचे ३२० बाइट. सगळ्यांची रुंदी एकच ठेवा, नाहीतर १ आला की शेजारचा आकडा सरकतो आणि डोळ्यांना टोचतं. ५ आणि ६ डिस्प्लेवर लांबून बघा. बारीक फॉन्टमध्ये गफलत होते. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर फॉन्टमध्ये ती रूपं आहेत ना, ते पाहून टेक्स्ट टूलमध्ये भाषा मराठी करा.

तुरीचं_वावर
मग माह्या गेमचं काय? त्यात तर पानभर संवाद आहेत.

दारव्ह्याची_ताई
गोडो ४ (गेम बनवायचं इंजिन) असेल तर बिटमॅपच्या नादी लागू नका. त्यात हार्फबझ आहे, फॉन्टची टीटीएफ फाइल सरळ टाका.

पऱ्हाटी_प्रोग्रामर
जमलं! ड्रॉएक्सबिटमॅप लावलं अन् 'विहीर रिकामी' पहिल्याच झटक्यात आलं. बाबानं रात्री चष्म्याशिवाय वाचलं. आता म्हणते, 'पंप सुरू' याच्याहून मोठं कर.

मोटारवाइंडर
तेवढं एक ४८ उंचीचं कर, खालचा निळा भाग पूर्ण वापर. ७६८ बाइट जातीन. अन् 'सु'चा उकार खाली कापला तर जात नाही ना, पाह्य.