लग्नाला कोल्हापुरात आलेला पाहुणा: काय दाखवलंत, काय बघितलंत?

माघात आमच्या पुतणीचं लग्न आहे. हळद शुक्रवारी संध्याकाळी, अक्षता शनिवारी दुपारी साडेबाराला. वऱ्हाड नागपूरचं, आणि आमचे नातलग मुंबई, नाशिक, बडोद्याहून येणार. घरातल्या मागच्या लग्नात एक गोष्ट मनाला फार लागली. पाहुणे पहाटे स्टेशनवर उतरले, रिक्षानं हॉलवर आले, जेवले आणि रात्रीच्या गाडीनं गेले. एका आत्यांनी निघताना विचारलं, "रंकाळा इथून लांब आहे का गं?" हॉलपासून चालत दहा मिनिटांवर होता. यंदा मी प्रत्येक खोलीत एक कागद ठेवणार आहे. तो भरायला तुमचे अनुभव हवेत. नुसती स्थळांची यादी नको. लग्नघरात हातात दोन-तीन तास असतात, अंगावर जड साडी असते, बरोबर म्हातारी माणसं आणि पोरं असतात. त्या तासांत तुम्ही काय केलंत ते या धाग्यावर लिहा.

मंगळवार पेठेतून

वहिनी, मुंबईची मंडळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणार असतील तर त्यांना आधी झोपू द्या. पण जी आदल्या दिवशी आलीत त्यांना पहाटे उठवा आणि अंबाबाईच्या देवळात काकडआरतीला न्या. आमच्या लग्नात मी सासूबाईंच्या चार बहिणींना असंच नेलं होतं. महाद्वारातून आत गेलो तेव्हा काळ्या दगडाची फरशी गार होती आणि अंगणात बोलणारं कुणी नव्हतं. त्यातल्या एकीनं चाळीस वर्षांपूर्वी नवस बोलला होता, तो त्या दिवशी फेडला. दहानंतर गेलो असतो तर रांगेत दोन तास गेले असते आणि हळदीची वेळ टळली असती.

तुमची हळद शुक्रवारची आहे ना? मग रात्री पालखी असते, दर शुक्रवारी. हळद उरकून, तोंड धुऊन, तशाच पिवळ्या हातांनी या. आणि तारखा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या आसपास पडत असतील तर किरणोत्सव चुकवू नका. मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात जातात, पायांपासून वर चढत चेहऱ्यापर्यंत. ढग आले तर नाही दिसत, पण त्या काही मिनिटांत सगळं आवार श्वास धरून उभं असतं, तेवढंही पुरे. गाडी मात्र बिंदू चौकात लावा आणि चालत या.

नागपूरकर, मुलाकडचा

मी वऱ्हाडात आलो होतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. नवरीची मावशी मला म्हणाली, "चला, मी दाखवतो तुम्हाला." बाईमाणूस "मी दाखवतो" म्हणते हे ऐकून आमच्याकडच्या पोरी हसल्या. मावशींना काही वाटलं नाही. इथं बायका असंच बोलतात हे नंतर समजलं, आणि दोन दिवसांनी आमचीही एक पोरगी "मी जेवलो" म्हणायला लागली. कागदावर हे एक वाक्य जरूर घाला, म्हणजे कुणी चेष्टा करणार नाही.

लग्नाचं जेवण शाकाहारी होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मावशींनी आम्हा सहा जणांना मटणाच्या ताटाला नेलं. आम्ही तिखट खाणारी माणसं, तांबड्या रश्श्यालाच हात घातला. त्यांनी थांबवलं. आधी पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा, म्हणाल्या. मटणाचा आळणी रस, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. तिखटाच्या गावात असं सौम्य काही मिळेल असं वाटलं नव्हतं. मी चार वाट्या प्यायलो आणि वाढणाऱ्यानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

शिवाजी पेठ

सकाळी साडेसहाला तालीम. आमच्या दाजींना कुस्तीतलं काही माहीत नव्हतं, तरी गंगावेशीच्या बाजूला घेऊन गेलो. लाल माती हातात घेऊन ते वास घेत बसले. त्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालतात हे वस्तादांनीच सांगितलं. पोरं जोर-बैठका मारत होती, कुणी आमच्याकडं बघितलंही नाही. दोन गोष्टी सांभाळा: चपला बाहेर, आणि विचारल्याशिवाय फोटो नको. तिथनं खासबाग मैदान. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले तेव्हा रोमचं कलोझियम बघून आले, आणि १९१२ मध्ये हे मैदान उभं राहिलं. कडेच्या पायऱ्यांवर बसून खाली आखाडा बघा, कुठूनही बघितलं तरी सगळं दिसतं. शेजारीच महाराजांनी बांधलेलं नाट्यगृह, केशवराव भोसल्यांच्या नावाचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, त्या रात्री आमची अख्खी पेठ रस्त्यावर उभी होती. बाहेरच्या माणसाला हे सांगताना अजून घसा दाटतो.

मग मिसळ. कट वेगळा मागून घ्या आणि सोबत ब्रेडच्या स्लाइस येतात, पाव नाही, त्याची आधीच कल्पना द्या.

नवरीची आई, आता दोन वर्षं झाली

गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, पाहुण्या बायकांना न्या, खरेदी नसली तरी. माझ्या विहीणबाई पुण्याच्या. कोल्हापुरी साज त्यांनी अंगावर बघितला होता, पण पानं कधी मोजली नव्हती. सराफानं पेटीतून काढून एकेक दाखवलं: दहा पानं विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. एकवीस. मासा आणि कासव ओळखल्यावर त्या लहान मुलीसारख्या पुढचं शोधायला लागल्या. आमच्यात देण्याघेण्यावरून आधी थोडा ताण होता, तो त्या अर्ध्या तासात सैल झाला. चांदीचे पैंजण घ्यायचे असतील तर हुपरीचे मागा.

चपलांबद्दल एवढंच

चप्पल लाइनीत लग्नाच्या सकाळी जाऊन नवी जोडी घालून मांडवात उभं राहू नका. माझ्या धाकट्या भावानं केलं, सप्तपदीपर्यंत दोन्ही आंगठे सोलले होते. आधी आठवडाभर तेल लावून रोज तासभर घालायची, मग ती पायाची होते. पाणी तर अजिबात नको. खरी जोडी ओळखायची तर शिवण बघा: खिळा नसतो, चामड्याच्या वादीनंच शिवलेली असते. करकर वाजणारी हवी असेल तर कापशी म्हणून मागा. भाव करा, पण कारागीर समोर बसलेला असेल तर फार ओढू नका. एका जोडीमागं किती हात लागतात ते मी जवळून बघितलंय.

राजारामपुरीतले निवृत्त शिक्षक

म्हातारी मंडळी उन्हात फिरू शकत नाहीत, त्यांना टाउन हॉलच्या संग्रहालयात न्यावं. झाडं आहेत, बसायला जागा आहे. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत, त्यात हातभर उंचीचीही नाही अशी पोसायडनची कांस्यमूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी मिळाला. माझे बडोद्याचे मेहुणे ऐंशीचे, त्यांनी काचेपाशी खुर्ची मागवली आणि पाऊण तास बसले. त्यांना पुन्हा इकडं येणं झालं नाही. जाण्याआधी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार विचारून घ्या.

सांगलीकर, पण सासर इथलं

तुमच्याकडं नवरा-नवरी देवदेव करायला जोतिबाला जाणार असतीलच. त्याच गाडीच्या मागं एक मोठी गाडी पाहुण्यांची जोडा. आम्ही जोडली होती. गुलालात सगळे एकच दिसत होते, मुलाकडचे कोण आणि मुलीकडचे कोण कळेना. तिथून पन्हाळा जवळच आहे, शहरापासून साधारण वीस किलोमीटर. तीन दरवाजा आणि अंबरखाना, एवढं दीड तासात होतं. शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले ती जुलै १६६० ची रात्र मुलांना तिथंच उभं राहून सांगा. आमच्या चिरंजीवांनी महाराजांचं सोंग घेऊन मरण पत्करणाऱ्या शिवा काशीदचं ऐकलं आणि परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

धाग्याची मालकीण

सगळ्यांचं वाचलं, दोन वेळा. कागदावर आता पहिली ओळ पालखीची असेल.

रंकाळ्याजवळून

ताई, एक राहिलं. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी, पाठवणी झाल्यावर, घर एकदम रिकामं होतं. माझ्या बहिणीच्या लग्नात आम्ही तेव्हा उरलेल्या सगळ्या पाहुण्यांना, वडिलांनाही, रंकाळ्यावर नेलं. पाण्यात संध्यामठ, पलीकडं शालिनी पॅलेसची रेघ, कट्ट्यावर भेळ. वडील कुणाशी बोलत नव्हते. तिथनं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोर उभी, धार पेल्यात, फेसासकट. नाशिकच्या काकांनी पहिला पेला वडिलांच्या हातात दिला. ते प्याले, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाले, "हिला लहानपणी रोज इथं आणायचो." मग तासभर तिच्याबद्दलच बोलत राहिले, आणि काका ऐकत राहिले. त्यांची रात्रीची गाडी चुकली.