कोमो सरोवर: ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलीसह चार रात्रींचा मुक्काम कुठे करावा?

सिंहगड_रस्ता

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस मी, माझे पती, आठ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण पुण्याहून इटलीला जात आहोत. जातानाचे विमान मिलानला उतरते आणि परतीचे व्हेनिसहून आहे. मधल्या चार रात्री, म्हणजे ३० मे ते ३ जून, एखाद्या सरोवराकाठी शांतपणे घालवाव्यात असे घरात ठरले आहे. कोमोचे नाव जवळजवळ नक्की आहे, परंतु राहायचे नेमके कोणत्या गावात, यावर आमचे एकमत होत नाही.

बेलाज्जोची छायाचित्रे पाहून सर्वांचे मन तिथेच जडले आहे. अडचण अशी, की सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर त्या सावकाश तासभर चालू शकतात, पायऱ्या मात्र त्यांना अजिबात झेपत नाहीत. सासरे भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असून त्यांना नुसत्या बागा पाहण्यात फारसा रस नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. बाकी आम्ही सगळे मासे आवडीने खातो. यजमानांचा आग्रह मिलानहून गाडी भाड्याने घेण्याचा आहे, कारण पाच माणसे आणि सामान घेऊन आगगाडी आणि बोटी बदलत फिरणे त्यांना त्रासाचे वाटते. जाणकारांनी मुक्कामाचे गाव आणि गाडीचा प्रश्न, या दोन्हींवर मत द्यावे ही विनंती.

मिलानवासी

आपल्या प्रश्नाचे उत्तर सरोवराच्या आकारात दडलेले आहे, म्हणून आधी तो सांगतो. इंग्रजी वाय अक्षर उलटे धरावे तसे कोमो सरोवर पसरलेले आहे. खालच्या दोन टोकांपैकी नैर्ऋत्येला कोमो शहर आणि आग्नेयेला लेक्को आहे, तर दोन्ही फाटे जिथे मिळतात त्या भूशिराच्या टोकावर बेलाज्जो वसलेले आहे. बेलाज्जोसमोर पूर्व काठावर वारेन्ना, पश्चिम काठावर मेनाज्जो आणि त्याच्या थोडे दक्षिणेला कादेनाब्बिया आहे. या चार गावांमध्ये गाड्या वाहून नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटी दिवसभर ये-जा करतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. पाहण्यासारखे बहुतेक सारे याच मधल्या पट्ट्यात आहे, त्यामुळे मुक्काम इथेच असावा. कोमो शहरात राहिल्यास मिलानशी संपर्क सोपा पडतो, परंतु तिथून साधी बोट बेलाज्जोला पोहोचायला सुमारे दोन तास घेते, आणि जलद बोटीला पाऊण तास लागत असला तरी तिचे भाडे जास्त असते आणि हंगामात तिच्यासाठी लांबच लांब रांग लागते.

आता बेलाज्जोविषयी. ज्या गल्ल्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील, त्या गल्ल्या म्हणजे गोट्यांच्या फरसबंदीचे जिने आहेत. धक्क्यालगतचा रस्ता सपाट आहे, पण त्यावरची हॉटेले महाग, आणि जरा आत गेले की चढ सुरू होतो. म्हणून बेलाज्जो बोटीने जाऊन पाहावे, राहण्यासाठी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे व्हिला मेल्झीची बाग पाण्याच्या कडेने जाते आणि बरीचशी सपाट आहे. गावच्या जिन्यांवर इतर मंडळी फिरत असताना सासूबाईंना तिथे निवांत बसता येईल.

वारेन्नाला रेल्वे स्थानक आहे. मिलानच्या मध्यवर्ती स्थानकावरून तिरानोकडे जाणारी प्रादेशिक गाडी तासाभरापेक्षा थोड्या अधिक वेळात तिथे पोहोचते. परंतु स्थानक वर आणि धक्का खाली, शिवाय जुने गाव पुन्हा पायऱ्यांचेच आहे. आपल्या कुटुंबासाठी मी मेनाज्जो सुचवेन. तिथला चौक, धक्का आणि काठाचा फिरण्याचा रस्ता एकाच पातळीवर आहेत, मुलीला खेळायला मोकळी जागा आहे आणि दर बेलाज्जोच्या मानाने सौम्य असतात. तिथे रेल्वे नाही, हा एकच उणेपणा आहे. मिलानहून वारेन्नापर्यंत आगगाडीने यावे आणि तिथून फेरीबोटीने पलीकडे जावे. वारेन्नाच्या स्थानकावरून धक्क्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा उतार आहे. टॅक्सी मोजक्याच असतात, त्यामुळे हॉटेलला आधी कळवून ती ठरवून ठेवावी. खोली घेताना लिफ्ट आहे का, एवढेच विचारू नका. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, तेही विचारा.

भाड्याची मोटारगाडी मात्र घेऊ नये. पश्चिम काठाचा रस्ता जुन्या रोमन मार्गावरून गेलेला आहे आणि काही गावांत तो इतका अरुंद आहे की समोरून बस आली तर मागे सरावे लागते. जुन्या वस्त्यांमध्ये परवान्याविना वाहने नेण्यास बंदी असते, तिथे कॅमेरे बसवलेले असतात आणि दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येऊन पडते. शिवाय भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि वाहनतळ शोधण्यात सकाळ जाते. ज्या पाण्यासाठी एवढ्या लांब यायचे, ते चालकाला दिसतच नाही, हा भाग वेगळाच.

सासऱ्यांसाठी हे सरोवर खरे तर पर्वणी आहे. विद्युत घटाचा शोध लावणारे आलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म १७४५ साली कोमोमध्ये झाला, आणि त्यांची उपकरणे जपणारे व्होल्टा मंदिर नावाचे संग्रहालय कोमोच्या काठावर सपाट बागेत आहे. त्यांच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त १९२७ साली कोमोला जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्यात भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी पुंजभौतिकीतले पूरकतेचे तत्त्व प्रथम मांडले. भारतातून मेघनाद साहा त्या परिषदेला उपस्थित होते. वारेन्नातल्या व्हिला मोनास्तेरोमध्ये इटालियन भौतिकी संस्थेची उन्हाळी शाळा १९५३ पासून भरते. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५४ साली, म्हणजे निधनाच्या काही महिने आधी, तिथे व्याख्याने दिली आणि पुढे त्या शाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. त्याच व्हिलाची बाग पाण्याच्या कडेने लांबवर गेलेली आहे, त्यामुळे एका तिकिटात दोघांचेही समाधान होईल.

वाटसरू_नाशिक

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे असे वाटते. परतीचे विमान व्हेनिसहून असताना कोमोला जाणे म्हणजे आधी उत्तरेला जायचे, मग त्याच वाटेने मिलानला परत यायचे आणि नंतर पूर्वेकडे निघायचे. गार्दा सरोवर मिलान-व्हेनिस लोहमार्गावरच आहे. देझेन्झानो आणि पेस्किएरा ही दोन्ही स्थानके सरोवराच्या दक्षिण काठाला आहेत. सुमारे ३७० चौरस किलोमीटरचे हे इटलीतले सर्वांत मोठे सरोवर असून दक्षिणेकडचा काठ बराच सपाट आहे. सिर्मिओनेच्या चिंचोळ्या भूशिरावर पाण्याने वेढलेला मध्ययुगीन किल्ला आहे आणि टोकाला रोमन प्रासादाचे भव्य अवशेष आहेत. माल्चेझिनेहून मोन्ते बाल्दोवर जाणारा रोपवे वर चढता चढता स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे लहान मुलीला त्याची मजा वाटेल. सामान, गुडघे आणि वेळ या तिन्ही दृष्टींनी गार्दा सोयीचे आहे. कोमोच्या नावाला वलय आहे, इतकेच.

मिलानवासी

आपला आक्षेप मार्गापुरता पूर्णपणे योग्य आहे, आणि दोनच रात्री असत्या तर मीही गार्दाच सुचवले असते. मात्र दक्षिण गार्दा इतके रुंद आहे की काठावर उभे राहिल्यावर समुद्रकिनारी आल्यासारखे वाटते. डोंगर थेट पाण्यात उतरल्याचे जे दृश्य लोकांना हवे असते, ते उत्तरेला रीवाच्या बाजूला आहे आणि तिथे रेल्वे जात नाही. माल्चेझिनेही दक्षिण काठावरून बोटीने किंवा बसने बरेच लांब पडते. कोमोच्या मधल्या पट्ट्यात हे सारे पंधरा-पंधरा मिनिटांवर आहे. चार रात्रींसाठी एक जादा गाडी बदलणे मला जड वाटत नाही, परंतु सामान किती आहे यावर निर्णय घ्यावा.

दर्यावर्दी_रत्नागिरी

जेवणाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, परंतु प्रत्येक ठिकाणी नीट विचारावे लागते. शेजारच्या व्हाल्तेल्लिना खोऱ्यातला पित्झोक्केरी नावाचा पदार्थ वारेन्ना-मेनाज्जोकडे सहज मिळतो. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लोणी आणि भरपूर चीज असा तो प्रकार असून पोटभरीचा आहे. ताज्या पास्त्यात अंडे असू शकते, त्यामुळे ‘सेन्झा उओवा’, म्हणजे अंड्याविना, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. मक्याच्या पिठाची पोलेंता लोणी, लसूण आणि चीज घालून देतात, तीही सासूबाईंना चालेल. एक बारीक मुद्दा असा, की पार्मेजान आणि ग्राना पादानो ही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, विरजलेली असतात. कडक नेम पाळणाऱ्यांना हे आधीच सांगितलेले बरे. मग खायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे.

मासे खाणाऱ्यांनी दोन गोष्टी चुकवू नयेत. एक म्हणजे पर्च माशाचे लोण्यात तळलेले तुकडे घातलेला भात, आणि दुसरी म्हणजे मिस्सोल्तीनी. आगोने नावाचा सरोवरातला मासा खारवून, दोरीवर टांगून उन्हात वाळवतात आणि मग तमालपत्राच्या जातीची पाने घालून डब्यात दाबून ठेवतात. खाताना तो भाजून, व्हिनेगर लावून पोलेंतेबरोबर देतात. आमच्याकडचा सुका बांगडा निखाऱ्यावर भाजल्यावर जो वास सुटतो, त्याच्या फार जवळचा हा वास आहे, त्यामुळे सासूबाईंना शेजारच्या टेबलावर बसवावे, ही आगाऊ सूचना.

उपाहारगृहाच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो लावलेले असतात. ती फसवणूक नव्हे, तिथली रीतच आहे.

सिंहगड_रस्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. फर्मी यांचे नाव ऐकल्यावर सासऱ्यांनी गार्दाचा विषयच बंद केला आणि गाडीचा आग्रह यजमानांनी मागे घेतला, त्यामुळे मेनाज्जो नक्की झाले आहे. आता दिवसांची आखणी आणि व्हेनिसचा प्रवास, एवढेच विचारायचे आहे. व्हिसासाठी मुंबईत अर्ज करणार आहोत. सगळा मुक्काम इटलीतच असल्याने त्यात अडचण नसावी.

मिलानवासी

व्हिसाचे आपण म्हणता ते बरोबर आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मेमध्ये मुंबईत गर्दी असते, त्यामुळे भेटीची वेळ लवकर घ्यावी. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

दिवस ठरवताना २ जूनकडे लक्ष द्यावे. तो इटलीचा प्रजासत्ताक दिन असून सुट्टीचा असतो, आणि चांगले ऊन पडले तर निम्मे मिलान सरोवराकडे लोटते. त्या दिवशी बेलाज्जोच्या वाटेला जाऊ नये. मेनाज्जोच्या काठावरच राहावे. बेलाज्जो आणि मेल्झीची बाग पहिल्याच मोकळ्या सकाळी, लवकरच्या बोटीने उरकावी. वारेन्ना आणि व्हिला मोनास्तेरोला एक पूर्ण दिवस द्यावा. कोमोचे संग्रहालय सोमवारी बंद असते. ते पाहायचे असल्यास मेनाज्जोहून बसने जावे आणि परतताना बोटीने यावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोटीत वेळ जाणार नाही. त्याच फेरीत १८९४ पासून चालू असलेल्या फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेने, ब्रुनाते गावी वर जाता येते. चढण्याचे कष्ट न घेता डोंगरमाथा गाठण्याचा सासूबाईंसाठी तो सोपा मार्ग आहे.

लेन्नोजवळचा व्हिला देल बाल्बिआनेल्लो सर्वांत देखणा आहे. १९७३ साली एव्हरेस्टवर पहिली इटालियन मोहीम नेणारे ग्विदो मोन्झिनो यांचे ते घर होते आणि त्यांच्या मोहिमांचे सामानही आत मांडलेले आहे. मात्र तिथपर्यंतची पायवाट चढाची असून बागेतही पायऱ्या आहेत. लेन्नोहून छोटी बोट घेतली तर पायवाट वाचते, पायऱ्या वाचत नाहीत. सोमवार आणि बुधवार वगळून, तिकीट आधी काढून आपण तिघांनी जावे आणि ज्येष्ठांनी लेन्नोच्या काठावर बसावे, हे बरे.

सकाळी उत्तरेकडून तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा हे वारे वाहतात. दुपारी बोटीच्या उघड्या भागात गारवा जाणवतो, त्यामुळे शाल जवळ असावी. संध्याकाळच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर रोज पाहून घ्यावी. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

व्हेनिससाठी लेक्को, बेर्गामो, ब्रेश्या असा आडमार्ग नकाशावर जवळचा दिसतो, परंतु त्यात गाड्या अधिक वेळा बदलाव्या लागतात. सामानासह वारेन्नाहून मिलानच्या मध्यवर्ती स्थानकावर यावे आणि तिथून थेट जलद गाडी धरावी. ती सुमारे अडीच तासांत व्हेनिसला पोहोचते. तिचे तिकीट आधी काढल्यास स्वस्त मिळते, मात्र स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरते असते, म्हणून मिलानला किमान तासाभराचे अंतर ठेवावे. वारेन्नाच्या मार्गावर उन्हाळ्यात कधी कधी दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवून बस सोडतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात रेल्वेची सूचना एकदा पाहून घ्यावी.